कोण पाहिजे?

आमच्या कॉलनीत सध्या एकच विषय आहे. गेट!

भाजीच्या गाड्यावर, मारुतीच्या देवळात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही दोन माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून गेटवर येतं. झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पाठोपाठ दोन घरफोड्या झाल्या. एका घरचे लोक लेकीकडे पुण्याला गेले होते, दुसऱ्या घरचे तिरुपतीला. कुणाच्या जिवाला काही झालं नाही ही देवाची कृपा. पण सोनं गेलं, आणि त्याहून मोठं म्हणजे झोप गेली. ज्यांच्या घरचं काहीच गेलं नाही त्यांचीही गेली!

मग बैठक झाली. तीन सूचना आल्या. पहिली, तरुण मुलांनी काठ्या घेऊन रात्री गस्त घालायची. दुसरी, कॉलनीच्या तोंडाशी पाटी लावायची, "फेरीवाले व भिक्षेकरी यांना सक्त मनाई". तिसरी, मागच्या वस्तीकडून येणारा रस्ता रात्री दहा ते सकाळी सहा लोखंडी गेट लावून बंद करायचा. येत्या रविवारी हात वर करून निर्णय होणार आहे. आमच्या बैठकांत बायकांची मतं चहाचे कप गोळा करताना विचारली जातात, म्हणून माझं मत इथे आधीच सविस्तर लिहून ठेवते. नातेवाईक मंडळी वाचतीलच. कॉलनीतले दोघं-तिघं वाचतात, ते पुढे पोचवतील.

थोडक्यात सांगायचं तर, गस्त हवी पण काठीच्या जोरावरची नको. पाटी नको. आणि गेट तर मुळीच नको. का, ते सांगते.

आधी चोराच्या जागी जाऊन बघू. (पस्तीस वर्षं वर्गावर काढल्यामुळे चोरी करणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं याचा थोडा अभ्यास आहे, मग ती कॉपीची का असेना!) घरफोडी करणारा माणूस श्रीमंत घर नंतर बघतो, आधी रिकामं घर बघतो. आणि रिकामं घर आपण स्वतःच त्याला ओरडून सांगत असतो. फाटकाला बाहेरून लावलेलं भलंमोठं कुलूप म्हणजे "आम्ही नाही" अशी पाटीच. पायरीवर साचलेले तीन दिवसांचे पेपर. चार दिवस रांगोळी नाही. व्हरांड्यातला दिवा रात्री तर जळतोच, पण दुपारी बारालाही जळतोय. आपल्याला वाटतं दिवा चालू ठेवला म्हणजे घरात कुणी आहे असं वाटेल. भर उन्हात जळणारा दिवा बघून चोराला काय वाटत असेल? आणि हे कमी पडलं तर व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर बालाजीच्या रांगेतला फोटो आहेच.

ही सगळी चिन्हं वाचायला चोराला काय लागतं? निवांत वेळ. दिवसा दोन-तीन चकरा मारायच्या, उभं राहायचं, बघायचं. या वेळात त्याला कुणी हटकलं नाही म्हणजे त्याचं निम्मं काम झालं. कुलूप तोडायला फार वेळ लागत नाही.

इथे मला एक जुना प्रश्न आठवतो. "कोण पाहिजे?"

आमच्या लहानपणी गल्लीत नवखा माणूस शिरला, की कुठल्या तरी ओट्यावरून हा प्रश्न यायचाच. "कोण पाहिजे, दादा? कुणाकडं आलात?" यात दरडावणी नव्हती. पाहुणा खरा असेल तर त्याला घर सापडायचं, कधी कधी पाणीही मिळायचं. आणि माणूस खोटा असेल तर त्याला कळायचं, की आपल्याला बघितलं आहे, आपला चेहरा कुणाच्या तरी लक्षात राहिला आहे. तो पुढच्या गल्लीने निघून जायचा. एकच प्रश्न, पण भल्याला वाट दाखवणारा आणि बुऱ्याला वाट धरायला लावणारा!

हा प्रश्न विचारायला कुणाची नेमणूक नव्हती. दुपारी ओट्यावर तूर निवडत बसलेल्या बायका, फाल्गुन-चैत्रात वाळवणं राखणाऱ्या आज्या, पारावरचे म्हातारे. कुरडयांवर नजर ठेवता ठेवता गल्लीवरही नजर राहायची. आता ओटे गेले, कंपाउंडच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या, कुरडया विकत मिळतात. दुपारी दारं बंद, आत टीव्ही. शेजारच्या घरी कोण भाडेकरू आला त्याचं नाव आपल्याला त्याच्या मोटारसायकलच्या आवाजावरून माहीत असतं, म्हणजे "तो फटफटीवाला"!

माझा भाचा आर्किटेक्ट आहे. त्याने मला सांगितलं, की जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकेतल्या मोठ्या शहरांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नाही, तर त्यावर सतत असलेल्या सामान्य माणसांच्या डोळ्यांमुळे. दुकानदार, ये-जा करणारे, खिडकीतून बघणारे. माणसं जितकी जास्त वापरतील तितका रस्ता निर्धोक. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या गल्लीतल्या आज्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं. पण या बाईंचं म्हणणं लक्षात ठेवा, गेटच्या मुद्द्याला ते पुन्हा लागणार आहे.

कुणी म्हणेल, बाई, आता कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. जरूर लावा. चोरी झाल्यावर पोलिसांना त्याचा उपयोग होतो. पण कॅमेरा "कोण पाहिजे?" असं विचारत नाही. तो मुकाट्याने बघतो. आणि हल्लीचे चोर इतके हुशार, की जाताना रेकॉर्डिंगचा डबाही उचलून नेतात. बसवणाऱ्याला निदान एवढं तरी सांगा, की तो डबा हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवू नकोस.

आता "जुनं ते सगळं सोनं" असं मी म्हणते आहे असं समजू नका. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. गावाला वेस होती. वेशीवर येसकर असायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, याची खबर तो पाटलाला द्यायचा. निजामाच्या राजवटीत आमच्याकडे गावाला दोन पाटील, एक माली पाटील आणि एक पोलीस पाटील. रात्री जागल्याची आरोळी ऐकू आली की आम्ही पोरं कूस बदलून झोपायचो. व्यवस्था चोख होती यात शंका नाही. पण ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, त्या येसकराचं स्वतःचं घर मात्र वेशीबाहेर! गावाची राखण त्याने करायची आणि गावच्या विहिरीवर त्याने यायचं नाही. ती व्यवस्था गेली ते उत्तमच झालं. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. त्यानुसार आता पोलीस पाटील नेमणुकीने होतो, वारशाने नाही. त्या जुन्या व्यवस्थेतली एकच गोष्ट मला घ्यावीशी वाटते. राखण करणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखत होता.

आणि येणारे-जाणारे तरी किती असायचे! सुगी झाली की वासुदेव, नंदीबैलवाले, पोतराज, डवरी गोसावी, मरीआईवाले यायचे. गावाबाहेर पालं पडायची. पालं ठोकण्याआधी पाटलाच्या कानावर घालायची रीत होती. पिंगळा तर पहाटे, अंधार असताना, कंदील घेऊन दारोदार फिरायचा. विचार करा, आज पहाटे चार वाजता एक अनोळखी माणूस कंदील घेऊन आपल्या कॉलनीत दारोदार थांबायला लागला तर काय होईल?

काय होईल ते महाराष्ट्राने बघितलं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. लोकांनी संशय घेतला, मारायला सुरुवात केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेही मारलं. पाचही जण मेले. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या शेजारी वैजापूर तालुक्यात, चांदगावात, चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चला, तेवढं तरी झालं.

राईनपाड्याची बातमी वाचली तेव्हा मला राहून राहून वाटलं, की ज्या डवरी गोसाव्याला आमच्या आईने सुपातून जोंधळा घातला, त्याच्याच लेकरा-नातवंडांना आपण चोर म्हणून मारलं. मधल्या पन्नास वर्षांत ते बदलले नाहीत. ते अजून तसेच भिक्षा मागत फिरत होते. बदललो आपण. आपण त्यांना ओळखेनासे झालो. "कोण पाहिजे?" विचारून उत्तर ऐकून घ्यायचा धीरही आपल्यात उरला नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर २०२४ चा पावसाळा आठवा. जून-जुलैमध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडच्या गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले. आपल्या अंबड तालुक्यातही. चोर ड्रोनने टेहळणी करतात असं जो तो सांगू लागला. माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. विषय विधिमंडळापर्यंत गेला. त्या दिवसांत कुणी परगावचा माणूस रात्री गाडी बंद पडून रस्त्यावर अडकला असता, तर त्याचं काय झालं असतं, या विचाराने मला तेव्हाही कापरं भरत होतं.

म्हणून काठीच्या गस्तीची मला भीती वाटते. आपली मुलं गुणी आहेत, मला माहीत आहे. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. पण झोप न झालेली दहा मुलं, हातात काठ्या, मनात भीती, आणि समोर अंधारात पळणारी एक सावली. अशा वेळी शहाणपण टिकेल याची हमी कोण देणार? एकट्या मुलाला जे करायला हात धजत नाही, ते दहा जणांत सहज होऊन जातं. आणि मग एका रात्रीत त्या मुलांचंही आयुष्य संपतं.

कायदा काय सांगतो तेही त्यांना आधी सांगायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिकही चोराला धरू शकतो. पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल तरच. आणि धरल्यावर विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे संशयावरून धरायचं नाही. धरला तर मारायचं नाही. ११२ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबायचं. पोलीस कायद्यात ग्राम संरक्षक दलाची सोय आहे, तीही पोलिसांच्या देखरेखीखाली. आपल्यालाही गस्त घालायची तर पोलीस ठाण्यात नावं देऊन, बीट अंमलदाराला ओळखून, जोडीजोडीने. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी. चोराला पळवून लावायला एक शिट्टी आणि चार घरांचे लागलेले दिवे पुरतात. त्याला पकडून मर्दुमकी दाखवायची नसते, तर त्याने आपल्या गल्लीत येऊ नये एवढंच आपल्याला हवं असतं.

आता पाटीविषयी. "भिक्षेकरी, फेरीवाले" असं लिहिलं तरी डोळ्यांसमोर कोण येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची त्यातून सुटका झाली, म्हणून तर त्यांना विमुक्त म्हणतात. कायद्यातून शिक्का गेला. मनातून? मी एका खेड्यातल्या शाळेवर असताना वर्गात एक पारधी मुलगा होता. कुणाची कंपासपेटी हरवली, पेन हरवलं, की कुणी काही बोलायच्या आधीच सगळ्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळायच्या. एकदा हरवलेली कंपासपेटी दुसऱ्या दिवशी मालकाच्याच घरी, पलंगाखाली निघाली. मी ते सगळ्या वर्गाला उभं राहून ऐकायला लावलं. पण माना वळायच्या त्या वळून झाल्या होत्या. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही. पाटी लावताना मला त्या वर्गातल्या माना दिसतात, काय करू?

शिवाय व्यवहाराचंही बोलू. रोज सकाळी येणारा भाजीवाला, भंगारवाला, दुधवाला यांना आपल्या गल्लीतलं जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळत नाही. कुठलं घर बंद आहे, कुठे नवीन माणूस घुटमळतोय, हे त्यांना पहिलं दिसतं. ते आपले आयते पहारेकरी आहेत. त्यांची नावं विचारा, फोन नंबर घ्या, पोलिसांकडे नोंद करायची तर तीही करा. ओळखीचा फेरीवाला आत असणं, हे रिकाम्या रस्त्यापेक्षा केव्हाही बरं.

आणि गेट. मागच्या वस्तीतून येणारा रस्ता कोण वापरतं? आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावश्या, आणि एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून दुसरी पाळी करून रात्री घरी जाणारे कामगार. बरेचसे बिहार, उत्तर प्रदेशाकडचे. जालन्याची सळई सगळीकडे जाते याचा आपल्याला अभिमान. आपल्या घरांचे स्लॅब त्याच सळईवर उभे. ती भट्टीसमोर उभं राहून तयार करणारा माणूस मात्र रात्री आपल्या रस्त्याने चालला की आपल्याला धडकी भरते! गेट लावलं तर या लोकांना नाल्याच्या कडेने लांबचा वळसा आहे. तिथे एकही दिवा नाही. दवाखान्यात रात्रपाळीची आयाची नोकरी करणाऱ्या दोन बायकाही त्याच रस्त्याने येतात. आपण निर्धास्त झोपावं म्हणून त्यांना अंधारातून पाठवायचं का? ही सुरक्षितता नव्हे, आपली भीती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे. येसकराची वेस आपण पुन्हा बांधतो आहोत, फक्त आता ती लोखंडाची आहे.

जेन जेकब्जबाई आठवल्या ना? रात्री अकराला त्या रस्त्याने बोलत बोलत जाणारे दहा कामगार हे दहा जोड डोळे आहेत. गेट लावलं की रस्ता सुना. सुना रस्ता कुणाला आवडतो? चोराला. आणि घरफोडी करणाऱ्याला गेट चढून यायला काय हरकत आहे, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

शिवाय आजचा सगळ्यात मोठा चोर गेटमधून येतच नाही. आमच्या गावी बहुरूपी यायचा, पोलिसाचा वेश करून. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे!" असं दरडावायचा, पोरं घाबरायची, मग सगळे हसायचे आणि त्याला पसाभर धान्य मिळायचं. हल्लीचा बहुरूपी मोबाइलवर येतो. तोही पोलिसाच्या वेशात, व्हिडिओ कॉलवर. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, खोलीतून बाहेर पडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही", आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन जातो. पेन्शनर मंडळींनो, कान उघडे ठेवून ऐका. फोनवरून अटक असा प्रकार कायद्यात नाही. असा फोन आला तर बंद करा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला कळवा. पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? त्याचं पहिलं वाक्य. "कुणाला सांगू नका." चोराला नेमकं ठाऊक आहे, की शेजारच्या काकूंना नुसतं "अहो, असा असा फोन आलाय" म्हटलं तर त्याचा डाव तिथेच मोडेल. म्हणून तो आधी आपल्याला एकटं पाडतो. बंद दारं आणि उंच भिंतींनी त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

ओळखीने खरंच काही होतं का, असं विचाराल तर भिवंडीचं उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ साली तिथे भयंकर दंगली झाल्या. दंगल आणि घरफोडी या वेगळ्या गोष्टी, मान्य. पण दोन्हीकडे शेजाऱ्याची भीती असतेच. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. प्रत्येक मोहल्ल्यात हिंदू-मुसलमान दोन्हींकडची साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. विषय काय, तर नळ, गटार, भांडणं, भाडेकरू. त्यातून तोंडओळख झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. संकट आल्यावर ओळख करून घेता येत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते, पाण्याच्या नळावर आणि गटारीच्या तक्रारीवर.

असो. नुसतं "नको नको" म्हणणं शिक्षकी पेशाला शोभत नाही, म्हणून माझ्या सूचनाही लिहिते.

गेटला जो खर्च येणार आहे त्यातून मागच्या रस्त्यावर आणि नाल्याच्या कडेला दिवे बसवावेत. महापालिकेकडे अर्ज मी लिहून देते, अक्षर अजून चांगलं आहे. प्रत्येक ओळीतल्या घरांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत, भाडेकरूंसकट. गावाला जाताना शेजाऱ्याला आणि पोलीस ठाण्याला कळवावं, पेपर-दूध बंद करावं, बाहेरून कुलूप दिसणार नाही असं आतलं लॉक बसवावं, अंगणात रांगोळीची दोन बोटं ओढायला शेजारणीला सांगावं. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. फोटो परत आल्यावर टाकावेत, बालाजी कुठे जात नाही. कॉलनीच्या ग्रुपवर "चोर आले" असा निरोप टाकायचा असेल तर ज्याने स्वतः पाहिलं त्यानेच, वेळ आणि जागेसह टाकावा. दुसरीकडून आलेला पुढे ढकलू नये. दुपारी अकरा ते पाच, म्हणजे बहुतेक घरचे कामावर असतात तेव्हाची पाळी आम्ही म्हातारी माणसं घेतो. खुर्च्या दाराबाहेर टाकून बसायचं, बस्स. त्याला काठी लागत नाही. गुडघे दुखतात, पण आवाज शाबूत आहे!

आणि शेवटची सूचना. रविवारच्या बैठकीला मागच्या वस्तीतल्या चार जणांना बोलवा. चोऱ्या त्यांच्याकडेही होतात. त्यांचे मोबाइल जातात, सायकली जातात, आणि त्यांच्या चोरीसाठी कुणी बैठक घेत नाही. रस्ता त्यांचाही आहे, तर त्यावर हात वर करायचा हक्कही त्यांना असावा. निदान चहा तरी सगळ्यांनी मिळून घेऊ. या वेळी कप मी गोळा करणार नाही, मी बोलणार आहे.